ग्रंथाचा बाणा

पडल्यापडल्या वाचायचं पुस्तक हा नव्हे. छातीवर धरला तर मनगटं भरून येतात, मांडीवर ठेवला तर मिटतो आणि डुलकी लागली तर सरळ नाकावर उतरतो. सुरुवातीच्या पानांत असलो की उजवी बाजू जड, शेवटाकडे डावी. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की तेवढे चार दिवस तो शहाण्यासारखा उघडा राहतो. त्याला टेबल लागतं, तेही रिकामं. आमच्या घरात सपाट आणि रिकामी जागा एकच, आईच्या शिलाई मशीनचं झाकण. तिथे तो एकदा बसला तो बसलाच. आईला फॉल लावायला घ्यायचा असला की आधी त्याला दोन्ही हातांनी उचलून बाजूला करावं लागतं. "उठा आता," असं ती त्याला म्हणते. पुस्तकाशी बोलतानाही आदरार्थी, कारण वजन.

तर हा मिगेल दे सेर्व्हान्तेस यांचा 'दोन किखोते'. स्पॅनिशमधला, दोन्ही भाग एकत्र बांधलेला, तळटिपांसकट हजारावर पानांचा. पहिल्या भागाला चारशे वर्षं होत आली म्हणून स्पेनच्या भाषा-अकादमीने २००४ साली जी आवृत्ती काढली, ती ही. टिपा फ्रान्सिस्को रिको यांच्या, मागे शब्दार्थांची यादी. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला डॉन क्विक्झोट बहुतेकांना माहीत असतो: पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला रोखून धावणारा, वाळकुडा म्हातारा सरदार. पण पवनचक्क्या आठव्या प्रकरणात येतात आणि तिथेच संपतात. पुढे ११८ प्रकरणं उरतात. त्याची नुसती ओळख असलेले पुष्कळ, मुक्कामाला ठेवून घेणारे थोडे.

भिवंडीत असला पाहुणा टिकणं अवघड. ऑनलाइन काही मागवलं की वस्तू कुठवर आली ते बघताना महाराष्ट्रभरच्या लोकांना आमच्या गावाचं नाव दिसतं. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोलीच्या गोदामांत माल येतो आणि रातोरात पुढे जातो. गोदामं नव्हती तेव्हापासून इथे यंत्रमाग आहेत, आणि साधा माग मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा फेकतो. गावाचा सगळा धंदा वेगाचा. त्यात हा ग्रंथ एका जागी बसून राहतो, आणि त्याच्यापुढे बसलेला मीही. शेजारच्या कारखान्याचे भाई एकदा हिशेबाच्या कामाने घरी आले होते. त्यांनी तो हातात तोलून बघितला आणि विचारलं, "कितना किलो होगा?" प्रश्न रद्दीच्या भावाचा होता, पण अगदीच गैर नव्हता. १६०५ साली माद्रिदमध्ये पहिला भाग विक्रीला आला तेव्हा त्याची किंमत कागदाच्या तावावरच ठरली होती. ८३ ताव, दर ताव साडेतीन मारावेदी, एकूण २९०½ मारावेदी. बांधणी ज्याची त्याने करून घ्यायची. मीटरवर कापड विकणाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. भाईंनी तोंडातल्या तोंडात गुणाकार करून पाहिला आणि मान डोलावली.

खरं तर हा अगदीच परक्या मुलखातला म्हणता येणार नाही. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगाल आणि स्पेन यांचा राजा एकच होता. ज्या तिसऱ्या फिलिपच्या परवान्याने हा ग्रंथ छापला गेला, त्याचंच निशाण तेव्हा खाडीच्या तोंडाशी वसईच्या किल्ल्यावर होतं. आमच्याच तालुक्यातल्या अंजूरच्या नाइकांनी पेशव्यांकडे दाद मागितली, चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, ते सगळं नंतरचं.

आता स्वभाव. पहिला गुण म्हणजे हट्ट. आपण किती वेगाने वाचायचं हे तो ठरवतो, आणि आपण ठरवायला गेलो की तोंड मिटून घेतो. हिशेब लिहिणं हे माझं काम असल्यामुळे मी त्याचाही हिशेब मांडला. दोन्ही भाग मिळून १२६ प्रकरणं, शब्द सुमारे ३,८०,०००, म्हणजे प्रकरणाला सरासरी ३,०००. मिनिटाला शंभर शब्द वाचले तर अर्ध्या तासात एक प्रकरण. रोज एक धरलं तर चार महिने. कागदावर ही रक्कम चोख जुळते. पण मिनिटाला शंभर म्हणजे मागाच्या एका फेकीला एक शब्दसुद्धा पडत नाही, आणि तेवढंही कधी जमतं? शब्द अडत नसतील तेव्हाच. परक्या भाषेतलं पुस्तक कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, असं भाषा शिकवण्याचा अभ्यास करणारे पॉल नेशन आणि त्यांचे सहकारी सांगतात. अठ्ठ्याण्णव म्हणजे जवळजवळ सगळेच, असं आपल्याला वाटतं. पण उरलेले दोन टक्के ३,००० च्या प्रकरणात साठ शब्द होतात. साठ वेळा कोश उघडायचा, साठ वेळा परत येऊन ओळ शोधायची. सेर्व्हान्तेसचं वाक्य अर्धं पान चालतं. कोशातून परत येईपर्यंत त्यातला कर्ता कुठे गेला ते आठवत नाही.

शिवाय या ग्रंथाचा शब्दसंग्रह अफाट. वीस हजारांवर वेगवेगळे शब्द आहेत, आणि कुठल्याही मोठ्या मजकुरात होतं तसं त्यातले निम्म्याजवळ एकदाच तोंड दाखवून जातात. घोड्याच्या खोगिराचा कुठला तरी पट्टा, चिलखताचा कुठला तरी तुकडा. एवढ्याशा ओळखीसाठी प्रत्येकाचं नाव-गाव विचारत बसलं तर मुक्काम हलतच नाही. म्हणून माझा नियम असा झाला: पहिल्यांदा भेटलेल्या शब्दाला नुसता नमस्कार करायचा, दुसऱ्यांदा भेटला तर पेन्सिलीने टिंब, तिसऱ्यांदा आला तर कोश. हे ग्रंथालाही मानवतं. टिंबांनी भरलेली पानं तो मुकाट्याने सोसतो, कोशाची सारखी ये-जा मात्र त्याला खपत नाही.

वेगाची बाकीची शिकवण आईकडून मिळाली. गुरुचरित्राचा सप्ताह तिने कितीतरी वेळा केला आहे. बहुतेक प्रतींत अध्याय बावन्न, आणि दिवस सात. पण बावन्नाला सातने भागून कुणी वाचत नाही. पहिल्या दिवशी नवव्यापर्यंत, मग २१, २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी समाप्ती. पाचव्या दिवशी तीनच अध्याय, कारण छत्तिसावा अध्याय लांबलचक. कुणा जुन्या वाचकाने पोथीची लांबी, घशाची ताकद आणि दिवसाची कामं बघून हे टप्पे पाडले असणार. किखोतेच्या पहिल्या भागातही बरोबर बावन्न प्रकरणं आहेत. हे कळल्यावर आईचं त्याच्याबद्दलचं मत बरंच सुधारलं. तिने एवढंच विचारलं, "मनात वाचतोस की मोठ्याने?"

मोठ्याने. कारण हा ग्रंथ मुळात कानासाठीच आहे. बत्तिसाव्या प्रकरणात खाणावळवाला सांगतो, की सुगीच्या दिवसांत सुट्टी असली की कापणीवाले त्याच्याकडे जमतात, वाचता येणारा एखादा पुस्तक हातात घेतो आणि तीसेक जण त्याच्याभोवती ऐकत बसतात. दुसऱ्या भागातल्या एका प्रकरणाच्या शीर्षकात तर वाचणारा आणि ऐकणारा अशा दोघांचीही नोंद आहे. मोठ्याने वाचलं की डोळ्यांची घाई चालत नाही. अडलेला शब्दही सुरात पुढे सरकतो आणि वाक्य संपेपर्यंत पुष्कळदा अर्थ सांगून जातो. आणि भिवंडीत मोठ्याने वाचायला लाजायचं कारण नाही. मागांच्या आवाजात शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही, तिथे किखोतेच्या ला मांचा मुलखातली स्पॅनिश कोण ऐकणार?

या आवाजात विसावं प्रकरण वाचावं. किखोते आणि त्याचा सेवक सांचो रात्री एका कुरणात अडकतात. काळोख मिट्ट, जवळ कुठेतरी पाणी कोसळतंय आणि त्या पाण्यात एका ठेक्यात दणदण घाव पडताहेत, साखळदंड वाजताहेत. सरदार लगेच भाला सावरतो. सांचो गुपचूप घोड्याचे मागचे पाय बांधून टाकतो, म्हणजे मालकाला जाता येऊ नये. उजाडल्यावर दोघं बघायला जातात तर ते असतात सहा लाकडी हातोडे, पाण्याच्या जोरावर लोकरी कापड कुटून घट्ट करणारे. रात्रभर ज्याची भीती वाटली तो कापडाचा कारखाना! इतर वाचक इथे हसतात. आमच्याकडे उलटी तऱ्हा. भिवंडीचं पोर खटखटीतच झोपतं आणि वीज गेली, माग थांबले की दचकून उठून बसतं. सांचोच्या जागी आमच्यापैकी कुणी असता तर कुठल्या खात्याचं मशीन आहे ते काळोखातच सांगून पथारी पसरली असती.

पण त्या प्रकरणातली खरी गंमत हातोड्यांची नाही. रात्र काढायची म्हणून सांचो मालकाला गोष्ट सांगतो. एका धनगराला तीनशे शेळ्या नदीपलीकडे न्यायच्या आहेत. होडी एवढी लहान, की एक माणूस आणि एक शेळी मावते. त्याने एक नेली, परत आला, दुसरी नेली, परत आला. "मोजत राहा हं," सांचो बजावतो, "एकही चुकली तर गोष्ट संपली." किखोते वैतागतो: सगळ्या गेल्या असं समज आणि पुढे बोल! आतापर्यंत किती गेल्या, सांचो विचारतो. मला काय ठाऊक, मालक म्हणतो. झालं, गोष्ट तिथेच बंद. पुढचं सांचोला आठवेनासंच होतं. ग्रंथाने आपला कायदा नोकराच्या तोंडून सांगून टाकला आहे. घाईने सगळ्या शेळ्या एकदम पलीकडे गेल्या असं धरलं, की तो बोलायचा थांबतो.

दुसरा गुण म्हणजे त्याची वंशावळ. आठव्या प्रकरणाच्या शेवटी दोन जण तलवारी उगारून उभे असतात आणि मजकूर तुटतो. नवव्यात लेखक सांगतो, की तोलेदोच्या बाजारात एक पोरगा रेशमाच्या व्यापाऱ्याला जुन्या वह्या आणि कागद विकायला आला होता. लिपी अरबी. लेखकाला ती वाचता येत नव्हती, म्हणून त्याने बाजारातलाच एक मोरिस्को गाठला. मोरिस्को म्हणजे ख्रिस्ती व्हावं लागलेल्या मुसलमानांपैकी. त्याने समासातली एक ओळ वाचली आणि तो हसायला लागला: सरदाराची ती लाडकी दुल्सिनेआ म्हणे डुकराच्या मांसाला मीठ लावण्यात अख्ख्या मुलखात पटाईत होती! लेखकाने चेहऱ्यावर काही न दाखवता सगळी रद्दी अर्ध्या रेआलला उचलली, त्या माणसाला घरी नेलं आणि दोन आरोबा मनुका व दोन फानेगा गहू एवढ्या बोलीवर अख्खं भाषांतर करून घेतलं. आरोबा म्हणजे साडेअकरा किलो. मनुका झाल्या तेवीस किलो. काम झालं दीड महिन्याहून थोड्या जास्त दिवसांत.

म्हणजे हा ग्रंथ स्वतःच स्वतःला भाषांतर म्हणवतो. मूळ स्पॅनिशच वाचणार म्हणून जो हट्ट धरतो, त्याची तो अशी फिरकी घेतो. भिवंडीत मात्र हे प्रकरण अजिबात कादंबरीतलं वाटत नाही. कापडबाजार आहे, रद्दी आहे, उर्दू पाट्या आहेत, पद्मानगरात तेलुगू आहे, खाडीकाठच्या गावांत आगरी आहे, आणि एका भाषेवर दिवस काढणारा माणूस इथे शोधावा लागतो. उर्दूत आलेली चिठ्ठी मी भाईंकडून वाचून घेतो, महापालिकेचं मराठी पत्र ते माझ्याकडून. मनुका कुणी देत नाही, चहा होतो.

पुढच्या पिढ्यांत वेगाचे सगळे नमुने झाले. पहिला इंग्रजी अनुवादक टॉमस शेल्टन. त्याचं भाषांतर १६१२ ला छापलं गेलं, आणि ते आपण चाळीस दिवसांत केलं असं तो अर्पणपत्रिकेत लिहितो. बावन्न प्रकरणं, चाळीस दिवस! दुसऱ्या टोकाला काश्मीरचे दोन पंडित, जगद्धर जाडू आणि नित्यानंद शास्त्री. बॉस्टनच्या कार्ल केलर या संग्राहकाला किखोते जगातल्या जमतील तितक्या भाषांत हवा होता. त्याने संशोधक ऑरेल स्टाइन यांना गळ घातली, आणि १९३५ ते १९३७ या काळात या दोघांनी आठ प्रकरणं संस्कृतात आणली, चार्ल्स जार्व्हिसच्या १७४२ च्या इंग्रजीवरून. हस्तलिखित हार्वर्डला जाऊन पडलं. २०१९ मध्ये द्रागोमिर दिमित्रोव्ह यांच्या संपादनाने ते छापून आलं, तेही आपल्या पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पाली विभागाकडून. अरबीतून आल्याचं सोंग घेतलेली स्पॅनिश, तिची इंग्रजी, तिची संस्कृत. एवढ्या हातांतून जाऊनही सरदार घोड्यावरून पडायचा तो पडतोच.

म्हणून त्याच्याशेजारी मी अनुवाद ठेवतो, आणि तो रागावत नाही. जॉन ऑर्म्सबीचा १८८५ चा इंग्रजी अनुवाद आता सगळ्यांना खुला आहे, मोबाइलवर फुकट मिळतो. क्रम तेवढा पाळायचा: आधी स्पॅनिश प्रकरण मोठ्याने, अडखळत, मग इंग्रजी भरभर, कुठल्या शेळ्या नदीतच राहिल्या ते बघायला. कधी कधी उलटंही होतं, इंग्रजीतून निसटलेली शेळी मराठी कानाला सापडते. सांचो मालकाला नेहमी आदरार्थी बोलतो, मालक त्याला एकेरी. पण तिसाव्या प्रकरणात सांचो भलतंच बोलून जातो, तेव्हा किखोते आधी भाल्याचे दोन तडाखे देतो आणि मग त्याच्याशी एकदम अनेकवचनात बोलायला लागतो. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे एकच सर्वनाम. ज्याच्या वडिलांनी निकालाच्या दिवशी "या, या शहाणे, दाखवा काय दिवे लावलेत" असं म्हटलं आहे, त्याला इथे तळटीप लागत नाही.

दुसऱ्या भागात त्याचा आवाज बदलतो. तो निघाला १६१५ साली. मधल्या काळात, १६०९ पासून, मोरिस्कोंना स्पेनमधून हाकलण्यात आलं. ज्या जमातीच्या माणसाने मनुका घेऊन या ग्रंथाला भाषा दिली, ती जमातच देशातून गेली. चौपन्नाव्या प्रकरणात सांचोला रस्त्यात त्याचा जुना शेजारी, गावचा दुकानदार रिकोते भेटतो. यात्रेकरूच्या वेषात, चोरून परत आलेला. दोघं गळ्यात पडतात, झाडाखाली बसून खातात-पितात. रिकोते पुरून ठेवलेलं धन काढायला मदत मागतो. सांचो नाही म्हणतो, राजाशी बेइमानी नको. पण तुझी खबर कुणाला देणार नाही, हेही सांगतो. १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेल्या गावात हे प्रकरण रोजच्या अर्ध्या तासात उरकत नाही. मी भाईंना ते हिंदीत सांगितलं, जमेल तसं. ते म्हणाले, "नाम बदल दो, बाकी सब ठीक है."

आणि शेवटाकडे, बासष्टाव्या प्रकरणात, किखोते बार्सिलोनाच्या छापखान्यात शिरतो. तिथे भेटलेल्या एका अनुवादकाला तो ऐकवतो, की ग्रीक-लॅटिन सोडून इतर भाषांतून केलेलं भाषांतर म्हणजे फ्लँडर्सचा विणलेला पडदा उलट्या बाजूने बघणं. चित्र दिसतं, पण धाग्यांच्या गुंत्यात झाकोळलेलं. चारशे वर्षं अनुवादकांना हा टोमणा ऐकावा लागतो आहे. भिवंडीत तो लागू पडायचा नाही. साध्या ग्रे कापडाच्या दोन्ही बाजू इथे सारख्याच असतात. आणि माल डिझाइनचा असला, तर ज्याला कापड कळतं तो तागा आधी उलटा करतो. कुठला धागा कुठे सोडला, गाठ कुठे मारली, कारागिराने कुठे चलाखी केली, ते सगळं तिकडेच दिसतं. सरळ बाजू गिऱ्हाइकासाठी असते. हळू वाचणाऱ्याच्या वाट्याला ही उलटी बाजू येते आणि तिला वेळ लागतो. भाई परवा पुन्हा विचारत होते, कुठवर आलं. म्हटलं, उलटून बघतोय. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. व्यापारी माणूस आहे, त्याला एवढं पुरतं.